आढीतलं दही

जमत आलेलं दही मोडायला ताकद लागत नाही. गाडगं दोन्ही हातांनी धरायचं, थोडं कलतं करायचं, एक हिसका द्यायचा आणि होतं तिथे परत ठेवून द्यायचं. बाहेरून काही दिसत नाही. माती चुगली करत नाही.

हे मी केलेलं आहे. माझ्या थोरल्या जावेने लावलेल्या तीन गाडग्यांना, भर मे महिन्यात, आंब्याच्या आढीत हात घालून. दुपारची जेवणं होऊन घर आडवं झालं होतं, खोल्याखोल्यांतून पंख्यांची घरघर येत होती. मी एकटी जागी होते, आणि खोटं कशाला सांगू, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मी न बोलणारी बाई म्हणून ओळखली जाते. शाळेत भूगोल शिकवते, तिथे घसा वापरून होतो. घरात ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवते’ एवढ्यावर माझा संसार झाला. लोकांना वाटतं, गरीब आहे बिचारी. न बोलणारी माणसं गरीब नसतात. ती फक्त विसरत नाहीत.

थोरल्या जावेला मी तोंडावर ‘अहो वहिनी’ म्हणते. इथे मात्र मी तिला ‘ती’ म्हणणार आहे. एवढी मोकळीक आता घेते.

आमचं घर किहीमच्या जवळ, डांबरी रस्ता आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात. माड, पोफळी, मागच्या अंगाला थोडे हापूस. दोघे भाऊ, एक घर. ओटी आणि माजघर सामाईक. उत्तरेचं स्वयंपाकघर थोरल्यांचं, दक्षिणेचं आमचं. सासूबाई होत्या तोवर चूल एक होती. त्या गेल्यावर दोन झाल्या, भांडणतंटा न होता, अगदी शहाण्यासारख्या. फक्त विरजण एकच राहिलं.

सासूबाईंचा नियम होता तसा. दह्याचं विरजण घरचंच, बाहेरचं आणायचं नाही, आणि ते राहायचं थोरल्या सुनेच्या हाती. धाकटीने लागेल तेव्हा मागून न्यायचं, तेही दिवेलागणीच्या आत. तिन्हीसांजेला दूधदही घराबाहेर जाऊ देत नाहीत, आणि वहिनीच्या लेखी माझं स्वयंपाकघर म्हणजे घराबाहेर.

मी शाळेतून एस.टी.ने यायचे. गाडी वेळेवर आली तर उजेडात, नाहीतर अंधारात. अंधारात आले की वहिनी ओटीवर निरांजनाच्या वाती सारत बसलेली असायची.

“वहिनी, जरा विरजण हवं होतं.”

“अगो, तिन्हीसांजा झाल्या. आत्ता लक्ष्मी बाहेर घालवू होय? उद्या ने हो.”

उजेडात आले तर वाटी मिळायची. ती वाटी ती वैलावर ठेवायची. वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं तोंड, मुख्य जाळाच्या धगीवर तापत राहणारं. म्हणायची, “ऊब दिलेली बरी. गार विरजणाने दूध दचकतं.” वाटी इतकी तापलेली असायची की मी ती पदरात धरून न्यायचे. सकाळी माझ्या पातेल्यात कधी दुधाचं दूधच असायचं, कधी तार धरलेलं काहीतरी चिकट. क्वचित बऱ्यापैकी लागायचं, म्हणून संशयही येत नव्हता. ती यायची, झाकण उचलून बघायची, आणि हळहळायची.

“काय गो, आज पण नाही? असतो बाई एकेकीचा हात.”

हळूहळू ते गावभर झालं. धाकटीच्या हातचं विरजण लागत नाही. लग्नाला बरीच वर्षं होऊन मला मूल नव्हतं, त्यामुळे या वाक्याचं पुढचं कोणी बोलायची गरज नव्हती. हळदीकुंकवाला बायका माझ्या हातावर अत्तर लावताना हाताकडेच बघायच्या.

मग मुलगी झाली. बारशाला ओटी भरलेली. पाळण्याची दोरी माझ्या हातात. आणि वहिनी मोठ्यांदा म्हणाली, “लागलं बाई एकदाचं विरजण!”

सगळी ओटी हसली. माझा नवरा हसला. मीही हसले, कारण दोरी हातात असताना बाईने दुसरं काय करायचं?

तिचं दुसरंही सांगायला हवं. मला बाळंतपणात ताप भरला तेव्हा उशाशी तीच बसली होती. माझ्या मुलीला पहिला मऊभात तिनेच भरवला. तेही खरंच. पण एका खऱ्याने दुसरं खरं पुसलं जात नाही, निदान माझ्याने तरी पुसता आलं नाही.

पुढे मी चोंढीच्या दुकानातून पिशवीतलं दही आणायला लागले. शाळेच्या पर्समधून, तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यात लपवून. पातेल्यात ओतायचं, वरून चमचा फिरवायचा नाही, पिशवी वाडीत पुरायची. वहिनीने एकदा चाखलं आणि म्हणाली, “आज लागलं की!” मी म्हटलं, “हो.”

भूगोलाची बाई मी. कारण आणि परिणाम मुलांकडून पाठ करून घेते. पण तिच्या वाटीत खोट असेल असं एकदाही मनात आलं नाही. खोट माझ्याच हातात आहे, हे मी धरून चालले होते.

ते उलगडलं एका बंगाली बाईमुळे. नवरा इकडच्या एका कारखान्यात इंजिनियर, आणि ती दोघं आमच्या वाडीच्या कडेच्या खोल्यांत भाड्याने राहायला आली होती. मला दीदी म्हणायची. मासळीवरून कोळिणींशी अशा हिंदीत घासाघीस करायची की त्या हसून हसून एक बोंबील जास्त टाकायच्या. तिला आपल्याकडचं गोड काही पटायचं नाही. श्रीखंड खाल्लं आणि म्हणाली, “दीदी, दही को इतना मारते क्यों हो आप लोग? बांधा, निचोड़ा, छाना. बेचारे को चैन से बैठने दो ना.”

मग तिने तिचं मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, करून दाखवलं. म्हशीचं दूध मंद आचेवर आटवायचं, निम्म्याच्या वर राहील इतपत. साखरेतली अर्धी वेगळ्या कढईत कोरडीच वितळवायची, ती आधी पिवळी होते, मग तांबूस, मग जुन्या सागवानाच्या रंगाची. त्या क्षणी दूध ओतायचं. ते फुसफुसतं, अंगावर येतं, आपण मागे सरायचं नाही. मग दूध निवू द्यायचं.

मी म्हटलं होतं, साखर कशाला, आमच्याकडे गूळ आहे. नारळाच्या रसात आम्ही उकळत्यात गूळ घालतो, काही होत नाही, उलट रंग चढतो. त्याच हिशोबाने मी पहिल्यांदा स्वतः करताना तापत्या दुधात चांगला मोठा गुळाचा खडा सोडला. दूध डोळ्यांदेखत फाटलं. ती पोट धरून हसली.

“दीदी, ये नारियल नहीं है. दूध है दूध. इसको गुस्सा आता है.”

ते फाटलेलं दूध आम्ही दोघींनी वाटीवाटीने खाल्लं. चांगलं लागलं.

दुसऱ्या वेळी दूध आटवून झालं होतं, कढईत साखर वितळत होती, आणि मी विरजण गॅसजवळ ठेवायला निघाले. तिने माझा हात धरला.

“ये क्या कर रही हो?”

“ऊब देते. आमच्याकडे वैलावर ठेवतात.”

“कितना गरम?”

मी सांगितलं. पदरात धरून आणावी लागायची वाटी. बोटांना सोसायची नाही.

ती पुन्हा हसली, वाईट हेतूने नाही. “अरे दीदी! दही ज़िंदा चीज़ है. इतने में तो मर जाता है. आप मुर्दे को दूध में डालती थीं, और सोचती थीं हाथ ख़राब है?”

मी कढई ढवळत होते. हात थांबला. साखर करपली, वास सुटला, ती ओरडली, मी गॅस बंद केला. आणि मला बारशाची ओटी दिसली. हसणारा एकेक चेहरा दिसला.

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. फक्त शिकले. दुधात करंगळी सुखाने राहिली की विरजण घालायची वेळ. दही फडक्यात टांगून घट्ट केलेलं हवं, ते थोड्या दुधात मोडून हलक्या हाताने मिसळायचं. भांडं मातीचं, म्हणजे जादा पाणी ते पिऊन घेतं. आणि एकदा ठेवलं की ठेवलं. हलवायचं नाही, झाकण काढून डोकवायचं नाही, आजूबाजूला आपटाआपट करायची नाही. साखरेचं दही साध्याहून हट्टी, त्याला वेळ जास्त लागतो.

ऊब कुठे द्यायची ते मात्र माझं मी शोधलं. मे महिन्यात माजघराशेजारच्या खोलीत आंबे आढीत घातलेले असतात, पेंढ्यात. पिकता पिकता आंबे आपली ऊब सोडतात. पेंढ्यात हात घातला की कोंबडीच्या पोटाखाली घातल्यासारखं वाटतं. मी एक लहान गाडगं फडक्यात बांधून त्या पेंढ्यात बसवलं. संध्याकाळी काढलं तर वर तांबूस साय, सुरी फिरवली तर कड सरळ उभी राहिली, आणि कुठेतरी मागे हापूसचा वास. बंगाली बाईने एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तिच्या भाषेत काहीतरी बोलत राहिली. मला अवाक्षर कळलं नाही. पण लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हाताला कोणीतरी चांगलं म्हणत होतं एवढं कळलं.

घरात मी ते कोणाला दाखवलं नाही. ठेवून दिलं मनात.

तिच्या नवऱ्याची बदली झाली, ती गेली. आणि त्यानंतर माझ्या पुतण्याचं, म्हणजे वहिनीच्या मुलाचं, लग्न ठरलं. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, बंगाली. देवाला विनोद कळतो.

मुलीचे आईवडील घर बघायला मे महिन्यात यायचे होते, मांडव्याला बोटीने. वहिनीने त्यांना व्हिडिओ कॉलवर आधीच सांगून टाकलं होतं, “हमारे घर का दही एकदम फेमस है. आपका वो मीठा दही मैं खुद बनाएगी.” सांगून बसली, आणि मग तिला कळलं की ते साध्या दह्यासारखं नाही. तिने मोबाइलवर बघितलं असेल काहीतरी. शेवटी माझ्या दारात आली. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे मागायला आलेली पहिली वेळ, आणि बाहेर दिवेलागण झालेली.

“ती तुझी बंगालीण करायची ना ते दही? जरा सांग बघू कसं ते.”

मी म्हटलं, “वहिनी, तिन्हीसांजा झाल्या. उद्या या हो.”

ती हसली. “बरीच की तू!” आणि गेली. सकाळी परत आली.

मी तिला सगळं खरं खरं सांगितलं. एक अक्षर खोटं नाही, एक वगळलेलं नाही. आढीची युक्तीसुद्धा सांगितली. पुढे काही झालं तर कोणाला बोट ठेवता येऊ नये म्हणून. तेव्हाच मी ठरवलं होतं, हे लिहिताना कबूल करते. रागाच्या भरात झालं, भान राहिलं नाही, असलं काही नव्हतं. मी शांतपणे तिला करंगळीची खूण सांगत होते आणि आतून माझं ठरलेलं होतं.

करायच्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात उभं राहू दिलं नाही. “आता जा तू. माझ्या हाताने होऊ दे.” तिच्या बोटांवर नव्या भाजण्याचे डाग होते. असे डाग अलीकडे नेहमीच असत. विचारलं तर म्हणायची, “पोळल्याशिवाय का स्वयंपाक येतो कोणाला?”

तिने तीन गाडगी आढीत ठेवली. माझं एक मी माझ्या बाजूला, पिठाच्या डब्यामागे, आढीतले चार आंबे भोवती लावून घोंगडीत गुंडाळून ठेवलं होतं. दुपारची जेवणं झाली. सगळे झोपले. मी पिकलेले आंबे वेचायचं निमित्त करून टोपली घेऊन आत गेले. निमित्ताची गरजच पडली नाही, कोणी विचारलं नाही.

पहिलं गाडगं हलवलं तेव्हा आत डुचमळलं. पाण्यासारखं. मला वाटलं, अजून लागायचं आहे, बरं झालं वेळेवर आले. दुसरं, तिसरं. मग फडकी होती तशी केली, पेंढा सारखा केला आणि टोपलीत चार आंबे घालून बाहेर आले. एक आंबा तिथेच पायरीवर बसून चोखून खाल्ला. फार गोड होता.

संध्याकाळी पाहुणे ओटीवर. मुलीची आई सुती साडीतली, हळू बोलणारी. वहिनीने गाडगी ताटात मांडून आणली, वर केळीच्या पानाची झाकणं. “आपका दही,” म्हणत तिने पहिलं झाकण काढलं आणि पळी घातली.

तांबूस पाणी, आणि त्यात तरंगणारे गठळे.

दुसरं उघडलं. तिसरं. वहिनीचा चेहरा मी बघितला. नीट बघितला. मला तो बघायचाच होता. मुलीची आई घाईघाईने म्हणाली, “कोई बात नहीं, गर्मी में होता है.” थोरले दीर म्हणाले, “ताक म्हणून प्या,” आणि स्वतःच हसले.

तेव्हा मी म्हटलं, “माझ्याकडे थोडं लावलेलं आहे. चालेल का?”

मी माझं गाडगं आणलं. ते वहिनीच्याच हातात दिलं. वाढायचं काम थोरल्या सुनेचं. तिने वाढलं. सुरीने कापावं तसं पळीवर आलं ते. मुलीच्या आईने खाल्लं, नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “बिलकुल घर जैसा. इसमें आम की खुशबू कैसे?” पुतण्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. आणि सगळे माझ्याकडे वळले तेव्हा मी, जी कधी बोलत नाही ती, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले:

“लागलं बाई एकदाचं विरजण!”

ओटी हसली. बारशाला हसली होती तीच ओटी, तीच माणसं, थोडी म्हातारी झालेली. माझा नवरा पुन्हा हसला. फक्त वहिनी हसली नाही. तिला वाक्य ओळखू आलं.

मला वाटलं होतं, इथे संपेल. सूड घ्यायचा म्हणजे हिशोब बंद, असं काहीसं मनात होतं. सकाळी वहिनी विरजणाची वाटी घेऊन माझ्या दारात उभी. वाटी गार होती.

“घे. आता तूच सांभाळ. माझा हात गेला.”

तिने तेव्हापासून दही लावलं नाही. हळूहळू बाकीचं सोडलं. लग्न झालं, घरात येणंजाणं वाढलं, आणि तिच्या स्वयंपाकघरात मदतीची बाई आली. वहिनी ओटीवरच्या झोपाळ्यावर. गावात माझ्या हाताचं नाव झालं. शेजारच्या कॉटेजवाल्याने मुंबईच्या पाहुण्यांसाठी दही मागितलं, मी दिलं. पावसाळाभर मला ते आवडलं. ती झोपाळ्यावर बसून वेलदोडे सोलायची आणि मी तिच्यासमोरून दह्याचं भांडं मुद्दाम नेऊन आणायचे. हेही सांगून टाकते.

मग दिवाळीनंतर नवी सून चार दिवस राहायला आली. हौशी मुलगी. झोपाळ्यावर सासूजवळ बसून मराठीचा सराव करत म्हणाली, “आई, तुम्ही मला शिकवा ना दही.” आणि वहिनी अगदी सहज, वेलदोडा सोलता सोलता म्हणाली:

“काकूला विचार. माझ्या हातचं विरजण लागत नाही.”

तिच्या आवाजात कडवटपणा असता तर मी पचवला असता. नव्हता. तिने ते खरं मानलं होतं. मी जितकी वर्षं ते खरं मानून जगले तसंच आता ती जगणार, आणि तिच्याकडे माझ्याइतकी वर्षं उरलेली नाहीत. त्या घटकेपासून मला माझंच दही गिळवेना.

सून गेली त्या दुपारी मी झोपाळ्यासमोर उभी राहिले.

“वहिनी, सांगायचंय काही.”

“सांग की. परवानगी कधीपासून मागायला लागलीस?”

“मे महिन्यात ती गाडगी मी हलवली होती. दह्याची. तुम्ही सगळे झोपलात तेव्हा, आढीत हात घालून. मुद्दाम.”

झोपाळा थांबला नाही. कड्यांचा आवाज येत राहिला.

“किती हलवलीस?”

“तिन्ही.”

“आणि चौथं?”

“चौथं कुठलं?”

“देवघरातलं. नैवेद्याचं वेगळं लावलं होतं मी. आढीत सतरा जणांचे हात, तिथे देवाचं कसं ठेवू? त्याला हात लावलास?”

“नाही. मला ठाऊकच नव्हतं.”

“मग त्याचं गो पाणी का झालं?” तिने पायाने झोपाळा थांबवला. “उगाच फुशारकी मारू नकोस. तुझ्याने काही मोडलेलं नाही.”

मला राग आला. खरंच आला. माझं पापसुद्धा ती माझ्याकडे राहू देत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला म्हटलं, “खोटं बोलताय तुम्ही.”

“खोटं? चल. दूध तापव.”

आम्ही तिच्या स्वयंपाकघरात गेलो. मी दूध आटवलं, साखर तांबूस केली, दूध ओतलं. ती स्टुलावर बसून बघत होती. कढई खाली उतरवली, दुधावर वाफ होती, अजून कितीतरी निवायचं होतं. ती उठली. शांतपणे करंगळी दुधात बुडवली, आणि तशीच ठेवली. माझ्याकडे बघत म्हणाली:

“झालं ना गो कोमट?”

मी तिचा हात ओढून काढला. बोट लाल झालं होतं. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. मी ते बोट नळाखाली धरून राहिले आणि मला ते डुचमळणं ऐकू आलं. मे महिन्यातलं. त्या वेळेपर्यंत ते निम्मं तरी लागलेलं असायला हवं होतं. पाणीच होतं ते. मी पाणी हलवून आले होते.

“कधीपासून?”

“झाली असतील दोनेक वर्षं. साखर आहे ना मला. बोटांना कळतच नाही. रोजचं दही सवयीने लागायचं, त्याला बोट घालावं लागत नव्हतं.”

“सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर हे स्वयंपाकघर ठेवलं असतं तुम्ही माझ्याकडे?” ती नळाच्या धारेकडे बघत होती. “शेवटी गेलंच म्हणा.”

मग मी विचारलं. एवढी वर्षं जे विचारलं नव्हतं ते. वैलावरची वाटी.

तिने नळ बंद केला.

“पहिल्यांदा चुकून राहिली,” ती म्हणाली. “तुझं दही लागलं नाही. तू रडवेली झालीस. नोकरीवाली, घरात सगळ्यांत शिकलेली तू. मला बरं वाटलं. मग ठेवत गेले. पुढे पुढे तर का ठेवते तेही विसरले. वैलावरच ठेवायचं असतं असंच वाटायला लागलं.”

ती माफ कर म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही. बोटाला खोबरेल लावलं. डॉक्टरकडे मी तिला दोन दिवसांनी नेलं, आणि तेव्हा घरात बोटांचं सगळ्यांना कळलं. पण तो पुढचा भाग. त्या दुपारी आम्हाला दूध पुरं करायचं होतं.

निवल्यावर मी माझी करंगळी घातली. “आता,” म्हटलं. विरजण तिने घातलं, गार वाटीतून, मी हात धरला नाही. गाडगं घोंगडीत गुंडाळून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं. ती भिंतीला टेकून पाटावर बसली.

“तू जा आता,” ती म्हणाली.

“तुम्ही जा. आडव्या व्हा जरा.”

“म्हणजे तू हलवायला मोकळी.”

“आणि मी गेले की तुम्ही वैलावर ठेवाल.”

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. मी दुसरा पाट ओढला आणि गाडग्याच्या या बाजूला बसले. घोंगडीवर दोघींचा डोळा. माझ्या मनातला राग निवला होता का? नाही. बोट सुखाने राहील इतपत झाला होता.

उन्हं कलली. ओटीवरून दोघे भाऊ चहासाठी हाका मारायला लागले, आधी एक, मग दुसरा. आम्ही दोघींपैकी कोणी उठलं नाही.